सेन्सरचा फवारा: मोरांसाठी घ्या, रानडुकरांसाठी नको

डोणज्यातल्या आमच्या बागेत हा फवारा एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाला, म्हणून आता लिहिते. खुंटीसारखा जमिनीत रोवायचा, मागून बागेचा पाइप जोडायचा. समोर काही हललं की सेन्सरला कळतं आणि पाण्याचा जोरदार झोत सुटतो. मला अडीच हजारांच्या आसपास पडला. मोरांचा त्रास असेल तर बिनधास्त घ्या.

सिंहगडाच्या पायथ्याला उजाडायच्या आत मोर-लांडोरी वाफ्यात उतरतात आणि मेथी, मुळा, पालक अगदी दोन पानांवर असताना खुडून टाकतात. त्यांच्यासाठी एका दुकानदाराने मला आधी 'माणसाला ऐकू न येणारा आवाज' काढणारं यंत्र दिलं होतं. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि पक्ष्यांना बहुतेक त्याहून कमीच, मग त्या आवाजाने मोर हलणार कसा? कुत्र्यांना मात्र तो ऐकू जातो. आमची कुत्री चिंगी कान पाडून ओट्याखाली जाऊन बसली, जेवायलाही बाहेर येईना. ते यंत्र मी त्याच दिवशी काढून टाकलं. तिखटाच्या पाण्याचंही तसंच, माकडांना ते झोंबतं, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. पाण्याचा झोत मात्र मोराला खरोखर नकोसा होतो, आणि त्याच्या पिसालाही इजा होत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याला दगड किंवा गोफण मारायचा विचारही करू नका.

विकत घेताना दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिली पाण्याच्या दाबाची. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून जेमतेम एक बार दाब मिळतो, आणि आपल्या बंगल्यांवरच्या टाक्या बहुतेक तेवढ्या उंचीलाही नसतात. टाकीचं पाणी थेट जोडलं तर झोत पायाशीच पडतो. आम्हाला छोटा प्रेशर पंप बसवावा लागला, तो खर्च आधीच धरून चाला. दुसरी उन्हाची. सेन्सर अंगाची उष्णता आणि हालचाल यांवर चालतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी जमीन आणि भिंती तापल्या की त्याला प्राणी नीट ओळखता येत नाही. माकडं येतात ती नेमकी तेव्हाच, पपईवर.

माकडांना दिवसा चिंगीच बरी. ती भुंकत धावली की टोळी कुंपणापलीकडे जाते आणि फवाऱ्यासारखी तिची सवय होत नाही. फवाऱ्याची जागा दर चार-पाच दिवसांनी बदलली नाही, तर माकडं त्याला वळसा घालायला शिकतात.

पण कुत्रं रात्री बागेत बांधू नका, हे मी हात जोडून सांगते. आमच्या भागात बिबट्या आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात शेतांमधल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेल्या जनावराला पळताही येत नाही. शिवाय त्याच्यासाठी बिबट्या थेट दारापर्यंत येतो. रात्री साळिंदर आलं आणि कुत्रं त्याच्यावर गेलं, तर काटे तोंडात रुततात आणि डॉक्टरकडे न्यावंच लागतं. चिंगी दिवेलागणीला घरात येते, दार लागतं.

रात्री येणाऱ्या रानडुकरांना फवारा पुरत नाही, त्यांच्यासाठी रताळी आणि भुईमुगाभोवती आम्ही जाळीचं कुंपण केलं, खालची कड फूटभर जमिनीत पुरली आणि बाहेरून दगड रचले. डुक्कर नाकाने उकरतं, त्यामुळे खालची बाजूच भक्कम हवी. बांधाला सागरगोट्याचं काटेरी झुडूप लावलंय, ते दाट व्हायला अजून वेळ आहे. जुन्या साड्या बांधायची गावची रीत पीक लहान असताना थोडे दिवस उपयोगी पडते. कुंपणात घरची वीज मात्र कोणी सोडू नका, त्याने जनावरंच नाही, माणसंही मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे. वाफ्यावर नायलॉनची जाळी टाकलीत तर ताणून बांधा. सैल जाळीत धामण अडकते, आणि उंदीर तीच कमी करते.

फवाऱ्याचा प्लॅस्टिकचा जोड आमच्याकडे पावसाळ्यानंतर गळायला लागला. पितळी जोड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पहिल्याच दिवशी बदलून घ्या.