पावसात कुणाचं ऐकायचं: हवामान खात्याचं की मुंबई पालिकेच्या १९१६ हेल्पलाइनचं?

माझी मावसबहीण यंदाच चिपळूणहून कुर्ल्याला राहायला आली. पहिल्याच ‘ऑरेंज अलर्ट’ला तिचा फोन: “ताई, ऑफिसला जाऊ की नको? नेमकं कुणाचं ऐकू?”

आधी आवाका बघू. हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग अख्ख्या जिल्ह्याला लागू, तुमच्या गल्लीपुरता नव्हे. २६ जुलै २००५ च्या त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात! त्यामुळे आपल्या दारात पाणी येणार का, हे रंगावरून कळत नाही. पालिकेच्या १९१६ वर मात्र हिंदमाताला पाणी आहे का, मिलन सबवे बंद आहे का, असं थेट विचारता येतं.

वेळेचं उलट. खात्याचा इशारा दोन-चार दिवस आधी मिळतो. १९१६ वर कळतं ते बहुधा पाणी भरल्यावर.

खर्च दोन्हीकडे नाही. समजायला रंग सोपे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण रंगात भरती दिसत नाही. साडेचार मीटरवरची भरती आणि मुसळधार एकत्र आले की पाण्याला समुद्रात उतरायला वाटच उरत नाही. भरतीच्या वेळा पालिका कळवते.

उद्याचा प्रवास किंवा रजा ठरवायची असेल तर खात्याचा रंग. पाऊस सुरू झाल्यावर, पोराला शाळेतून कुठल्या रस्त्याने आणायचं यासाठी १९१६. बहिणीला मी त्या दिवशी घरूनच काम करायला लावलं.