मित्रांसाठी पहिला टेबलटॉप आरपीजी चालवायचाय: तीन खेळ, एक निवड

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम (आरपीजी) म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत-बोलत गोष्ट खेळायची: एकजण ती चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात, आणि काय जमलं ते फासे ठरवतात. असा खेळ चालवायचं मनावर घेतलं की खेळ निवडताना दोन गोष्टी हमखास पाहिल्या जातात: नाव किती गाजलेलं आहे आणि नियमांचं पुस्तक किती जाड आहे. पहिल्यांदा चालवणाऱ्याने त्याआधी वेगळंच तपासावं असं मला वाटतं. खेळ रंगात आलेला असताना तुमच्या अंगावर नेमकं काय काय येतं? नियम सांभाळायचे, गोष्ट पुढे न्यायची, आणि कुणी भलतंच काही केलं तर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. कुठलाही खेळ यातलं एखादं ओझं स्वतः उचलतो आणि उरलेलं तुमच्याकडे सोपवतो. मराठी मित्रमंडळींसमोर सहज मांडता येतील असे तीन खेळ मी इथे घेतलेत: जादू आणि लढायांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), भयकथेचा कॉल ऑफ क्थुलू आणि अंतराळातला लेझर्स अँड फीलिंग्ज.

एकच प्रसंग तिन्हीकडे घेऊन बघा. समोर बंद दार आहे आणि मित्र म्हणतो, "मी खांद्याने धडक देऊन तोडतो."

डी अँड डीमध्ये दार किती पक्कं ते तुम्ही ठरवता. मध्यम अवघड असेल तर आकडा 15. मित्र वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात आपल्या ताकदीचा आकडा मिळवतो. पहिल्या पातळीवरचा, म्हणजे नवाकोरा, दणकट फायटर (लढवय्या) असेल तर साधारण 5 मिळतात, म्हणजे फाशावर 10 किंवा जास्त पडलं की दार तुटलं. हिशोब सोपा आहे. पण नवखा खेळाडू पात्राच्या कागदावर तो 5 नेमका कुठे लिहिलाय हे शोधत बसतो, आणि तो शोधून देणंही तुमच्याकडेच येतं.

कॉल ऑफ क्थुलूमध्ये कागदावर थेट ताकद 60 लिहिलेली असते. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा आणि एक एककाचा. 60 किंवा त्याखाली आलं की जमलं. दार जास्त मजबूत असेल तर निम्मा आकडा, म्हणजे 30 किंवा त्याखाली. साठ टक्के म्हणजे काय, हे दहावी झालेल्या कुणालाही समजवावं लागत नाही. शिवाय एक फार सुंदर सोय आहे. डाव फसला तर खेळाडू पुन्हा जोर लावू शकतो, फक्त आधी त्याने वेगळं काय करतोय ते सांगायचं आणि पुन्हा फसलं तर काय भोगावं लागेल याची चाहूल तुम्ही द्यायची. "आत जे कोणी आहे त्याला तू आल्याचं कळेल, चालेल?" एवढं विचारलं तरी सगळे सावरून बसतात.

लेझर्स अँड फीलिंग्जमध्ये प्रत्येकाकडे 2 ते 5 मधला एकच आकडा असतो. दाराचं सर्किट शांतपणे उलगडलं तर ते 'लेझर्स', तिथे साध्या फाशावर आकड्याच्या खाली पडायला हवं. बेभान होऊन धडक दिली तर 'फीलिंग्ज', तिथे वर. बरोबर तेवढंच पडलं तर यश मिळतंच, वर खेळाडू तुम्हाला एक प्रश्न विचारतो आणि तुम्ही खरं उत्तर देता. नियम इथेच जवळजवळ संपले. दार उघडलं. आता आत काय आहे? ते कुठेही लिहिलेलं नाही. चारजण तुमच्याकडे बघतायत.

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. नियम कमी म्हणजे चालवणाऱ्याचं काम कमी, असं मुळीच नाही. जॉन हार्परने 2013 मध्ये हा खेळ एका पानात बसवला, तो फुकट मिळतो आणि ल्युडोच्या डब्यातल्या फाशांवर खेळता येतो. म्हणून 'नवशिक्यांनी यापासून सुरुवात करा' असा सल्ला सर्रास मिळतो. कट्ट्यावर बसल्या बसल्या किस्से रचणारा माणूस असाल तर तो सल्ला तुम्हाला लागू पडेल. अंतराळयान, बेशुद्ध झालेला कॅप्टन, संकट कोणतं ते ठरवायला पानावरच दिलेला तक्ता, आणि दोन तासांत धमाल. पण बोलताना ज्याला विचार करायला वेळ लागतो, त्याच्यासाठी ते एक पान चारशे पानांपेक्षा जड आहे. तरीही हाच घेणार असाल तर एक युक्ती हाताशी ठेवा. सुचलं नाही की प्रश्न खेळाडूकडे परतवा: "तुला काय वाटतं, दारामागून कसला आवाज येतोय?" त्याचं उत्तर खरं धरून पुढे जा.

डी अँड डीचं उलट आहे. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी आणलेला हा खेळ युद्धाच्या पटावरच्या खेळांतून निघाला आणि तो वारसा अजून टिकून आहे. लढाई लागली की गोष्ट सुचण्याची चिंता मिटते, एक-दीड तास कसा जातो कळत नाही. ओझं येतं ते हिशोबाचं: कोणाची पाळी, कोण किती हलला, कोणता मंत्र उरलाय, कोणाला किती लागलंय. त्यातच पहिल्या पातळीची पात्रं फार नाजूक. 2014 च्या स्टार्टर सेटमधल्या (नवशिक्यांसाठीच्या बॉक्समधल्या) साहसाची, म्हणजे तयार गोष्टीची, सुरुवातच बघा. रस्त्यात दोन मेलेले घोडे दिसतात आणि झाडीतून चार गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, तुटून पडतात. गॉब्लिनच्या एका बाणाने 3 ते 8 इजा होते आणि गटातल्या जादूगाराची सगळी जीवशक्ती असते सात-आठ. दोन बाणांत तो आडवा, कधी एकातच. लगेच मरत नाही, बेशुद्ध पडतो आणि पुढच्या पाळ्यांना जीव वाचवण्यासाठी फासे टाकत राहतो. पण पहिल्याच अर्ध्या तासात ज्याचं पात्र जमिनीवर पडलंय तो मित्र मोबाइल काढणारच. म्हणून पहिल्या वेळी दोनच गॉब्लिन ठेवा. पाळ्यांची यादी एका खेळाडूच्या हातात द्या आणि ज्याचे मंत्र त्यानेच वाचून यावेत, असं आधीच बजावून ठेवा. या तीन गोष्टींनी निम्मं ओझं उतरतं.

नियमांची दुरुस्त आवृत्ती 2024 मध्ये आली आहे आणि सुरुवातीपुरते नियम अधिकृतपणे फुकट मिळतात, त्यामुळे आयात केलेला महागडा बॉक्स नसला तरी अडत नाही. मोठी जमेची बाजू म्हणजे गटात कुणीतरी हा खेळ यूट्यूबवर पाहिलेला असतो. तो बाकीच्यांना ओढून आणतो.

कॉल ऑफ क्थुलू माझा सगळ्यात लाडका पर्याय आहे, आणि पहिल्यांदा चालवणाऱ्याला मी तोच सुचवेन. सँडी पीटरसनचा हा खेळ 1981 चा. केऑसियम ही कंपनी सातव्या आवृत्तीचे सुरुवातीचे नियम पीडीएफमध्ये फुकट देते आणि त्यातच 'द हाँटिंग' नावाची एक संपूर्ण केस आहे. घरमालक येतो आणि सांगतो, माझ्या घरात भाडेकरू टिकत नाहीत, जरा बघा. खेळाडू वर्तमानपत्राच्या कचेरीत जातात, ग्रंथालयात जातात, सरकारी दप्तर चाळतात, आणि मग घरात. कुठे काय सापडतं ते लिहून ठेवलेलं आहे, त्यामुळे नवीन काही रचावं लागत नाही. एल्फ म्हणजे कोण, पॅलाडिन म्हणजे काय, हेही समजवावं लागत नाही. पात्रं पत्रकार, डॉक्टर, प्राध्यापक अशी साधी माणसं असतात, आणि शंका घेत चौकशी करणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

केस 1920 च्या बोस्टनमध्ये घडते. ती त्याच काळातल्या पुण्यात आणून बघा: शनिवारातला वाडा, 'केसरी'चे जुने अंक, 1848 पासूनचं नगर वाचन मंदिर, मामलेदार कचेरीतले कागद. सांगाड्याला कुठेही धक्का लागत नाही आणि मित्र आपोआप मराठीत बोलू लागतात. इंग्रजीत अडखळत "आय ओपन द ड्रॉवर" म्हणणारा माणूस "काका, चावी कुठं ठेवलीय?" असं विचारतो तेव्हा खेळ खऱ्या अर्थाने सुरू होतो.

खाचखळगे दोन. महत्त्वाचा पुरावा फाशावर ठेवला आणि सगळ्यांचे फासे फसले तर गोष्ट जागीच थांबते. त्यामुळे ज्यावाचून पुढे जाता येत नाही तो पुरावा, योग्य ठिकाणी शोधणाऱ्याला सरळ देऊन टाका. फासा टाकायला लावा तो किती वेळ लागला, आवाज झाला का, जास्तीचं काही कळलं का, यासाठी. दुसरं म्हणजे भीती. या खेळात पात्राचं मानसिक संतुलनही आकड्यात मोजतात आणि ते ढासळतं. म्हणून कुणाला काय नको आहे, म्हणजे लहान मुलांना इजा, कोंडलं जाणं, जे काही असेल ते, खेळाआधीच विचारून घ्या आणि ते खरोखर टाळा. पात्र मरू शकतं हेही आधीच सांगा.

गट दर रविवारी, निदान महिन्यातून दोनदा तरी भेटणार असेल, आणि पात्र हळूहळू बलवान होताना बघायची हौस असेल, तर मात्र डी अँड डीच घ्या. क्थुलूतली माणसं जितकी खेळाल तितकी खचत जातात, आणि ते सगळ्यांना आवडत नाही.

माणसं किती यावरही बरंच ठरतं. दोघे-तिघेच असतील तर क्थुलू उत्तम चालतो, कमी माणसांत भीतीही जास्त चढते. डी अँड डीची तयार साहसं साधारण चार-पाच जणांच्या बेताने रचलेली असतात, तिघेच आले तर शत्रू कमी करावे लागतात. सहा-सातजण येतो म्हणाले तर पहिल्या वेळी चौघांनाच बोलवा आणि उरलेल्यांना पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून द्या. तोच खेळ दुसऱ्यांदा चालवताना तुमचा हातही बसलेला असेल.