वाचनाच्या तासाला निरीक्षकाने बसावं कुठे?

पाठनिरीक्षणाचा तक्ता हातात आला की पाय आपोआप शेवटच्या बाकाकडे वळतात. बी.एड.ला असताना तेच पाहिलं, पुढे मीही कित्येक वर्षं तिथेच बसलो. गेली चार वर्षं मात्र इंग्रजी वाचनाचा तास असला की मी खिडकीकडच्या भिंतीला स्टूल टाकतो, साधारण दुसऱ्या बाकाच्या रेषेत, मुलांकडे तोंड करून. यंदा ज्यांच्याकडे सहकाऱ्यांचे तास बघायचं काम आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

शेवटच्या बाकाला कमी लेखू नये. पाच मिनिटांत मुलं तुम्हाला विसरतात आणि शिकवणाऱ्या बाईंचा आवाजही मोकळा होतो. रुळांलगतच्या शाळेत लोकल धडधडत गेली की मागच्या रांगेला बाईंचं वाक्य कितपत ऐकू येतं, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. नेड फ्लँडर्स या अमेरिकन शिक्षणसंशोधकाच्या, वर्गातलं बोलणं टिपायच्या पद्धतीने नोंदी घ्यायच्या असतील तरी ती जागा सोयीची, कारण त्याला कान पुरतात. दर 3 सेकंदांना एक नोंद, एकूण 10 प्रकार: 7 शिक्षकाच्या बोलण्याचे, 2 विद्यार्थ्यांच्या, आणि दहावा शांतता किंवा गोंधळाचा. वाचनाच्या तासाला घोडं अडतं ते या दहाव्यापाशी. सगळा वर्ग मन लावून मूकवाचन करत असला तरी नोंद तिथेच जाते, आणि मुलं नुसती बसून असली तरीही तिथेच.

माझं मन बदललं ते एका सहावीच्या तासाने. परळच्या बाजूची मराठी माध्यमाची शाळा. बाई एक वाक्य वाचत, वर्ग खणखणीत आवाजात मागून म्हणे. शेवटच्या बाकावरून मला दिसत होत्या फक्त माना, वेण्या आणि दप्तरं. 'सहभाग: उत्तम' असं मी लिहिलं आणि ते मला मनापासून पटलेलंही होतं. पुढच्या आठवड्यात जागा नव्हती म्हणून बाजूला बसलो. त्याच बाई, तीच मुलं, तसाच दणदणीत आवाज. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा इतरांच्या बरोबरीने म्हणत होता आणि त्याचं पुस्तक भलत्याच पानावर उघडं होतं. शेजारच्या मुलीचं बोट ओळीवर होतं, पण वर्गाच्या दोन शब्द मागे. तो मुलगा नुसता ऐकून म्हणत होता; ती मुलगी हळू का होईना, वाचत होती. मागच्या बाकावरून दोघंही सारखीच. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सहावीत येईपर्यंत मूल पाच वर्षं असं सुरात सूर मिसळून म्हणत आलेलं असू शकतं. हे कळल्यावर मला मागे बसवेना.

स्टुलावर बसल्यावर मी छापील तक्ता बाजूला ठेवतो. कोऱ्या कागदावर बाकांचे चौकोन काढतो. बाईंनी ज्याला विचारलं त्याच्या चौकोनात टिंब, मुलाने आपणहून काही विचारलं तर गोल, आणि बाई वर्गात फिरतील तशी तुटक रेघ. प्रश्न विचारल्यावर बाई किती थांबतात तेही मनात मोजून कडेला लिहितो. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधक बाईंनी 1970च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. परक्या भाषेत वाचणाऱ्या मुलाला तर ते तीन सेकंद फारच हवे असतात, असं मला वाटतं.

या जागेचा त्रास आहेच. पहिली दहा मिनिटं मुलं तुमच्याकडेच बघतात, बाईही सावध होतात. एकाच भेटीत मत बनवायचं असेल किंवा वर्गात स्टूल टाकायलाही जागा नसेल, तर मागेच बसणं बरं. मोबाइलवर चित्रणही करून पाहिलं. मुलं कॅमेऱ्याकडेच बघत राहिली, शिवाय पालकांची परवानगी लागते. दोन-तीनदा जाता येणार असेल तर मी बाजूची जागा सुचवेन, आणि पहिल्या दिवशी कागद न काढता नुसतं बसायला सांगेन.

परवा तास संपल्यावर एका बाईंना माझा कागद दाखवला. मी काही बोलायच्या आतच त्यांनी दाराकडच्या रांगेतल्या रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "सर, या बाजूला मी आज गेलेच नाही का?"