व्हेराक्रिप्ट: आठ महिने वापरल्यावर

घरात कॉम्प्युटर एकच, वापरणारे चौघे. विवरणपत्रं, आधार-पॅनचे स्कॅन, वडिलांचे रिपोर्ट असलेलं फोल्डर मी 'हिडन' करून निश्चिंत होतो. मे महिन्यात भाचा आला, 'हिडन आयटम्स'वर टिचकी मारली आणि विचारलं, "मामा, हे लपवलंय का?"

आमच्या विंडोज होममध्ये बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कुलपाची, पूर्ण सोय नाही, म्हणून फाइलींना पासवर्डचं कुलूप लावणारं व्हेराक्रिप्ट घेतलं. २०१४ मध्ये बंद पडलेल्या ट्रूक्रिप्टचाच हा पुढचा अवतार, फुकट. २० जीबीची एक फाइल केली. पासवर्ड दिला की तीच वेगळा ड्राइव्ह म्हणून दिसते, बंद केली की आत काय आहे ते कोणालाच कळत नाही. कुलूप लावण्याच्या एईएस वगैरे पद्धती निवडायला बरंच काही आहे, मी काहीच बदललं नाही. फक्त आत ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ ठेवायचा असेल तर सुरुवातीलाच फाइल सिस्टिम म्हणून एनटीएफएस निवडा.

उघडायला काही सेकंद लागतात. आधी वैताग यायचा. पण पासवर्डवर लाखो वेळा आकडेमोड होते ती मुद्दामच, अंदाजाने पासवर्ड ठोकत बसणाऱ्याला प्रत्येक वेळी तेवढंच थांबावं लागावं म्हणून.

बॅकअपमध्ये मात्र मी फसलो. आत काहीही बदललं तरी बाहेरच्या फाइलची तारीख मूळ सेटिंगप्रमाणे तीच राहते. माझ्या बॅकअपला वाटलं, काही बदललंच नाही. सहज प्रत उघडून पाहिली तर ती तीन महिने जुनी! प्रेफरन्सेसमधली तारीख जपण्याची खूण काढल्यावर जमलं.

दुसरं, कुलूप फाइलला लागतं, तिच्या सावलीला नाही. वर्डच्या 'रीसेंट' यादीत 'मृत्युपत्र मसुदा' हे नाव मुलीला दिसलं, आणि संध्याकाळभर घरात तोच विषय. मूळ फाइली तर कित्येक आठवडे रिसायकल बिनमध्येच पडून होत्या. शिवाय ड्राइव्ह उघडा ठेवून चहाला गेलं की सगळं खुलंच; आता काही मिनिटं हात लागला नाही की आपोआप बंद होईल असं लावलंय.

पासवर्ड विसरलात तर 'फरगॉट पासवर्ड' नाही. माझा कागदावर, बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात आहे.

दिवाळीत भाचा पुन्हा आला. म्हणाला, "मामा, ही २० जीबीची फाइल कशातच उघडत नाही. डिलीट करू?"