बटाट्यात दोन विषाणू एकत्र आले तर: घरचं बियाणं ठेवावं की बदलावं?

बेळगाव तालुक्यात आणि खानापुरात खरीप बटाटा काढताना हा प्रश्न हमखास येतो. पीक बरं दिसलं की त्यातलेच बारके बटाटे बियाण्याला बाजूला काढण्याचा मोह होतो. पण शेतात मोझॅक (पानांवर फिकट-गडद चट्टे) किंवा पानवळी (पानं वर वळणं) ही विषाणूंची लक्षणं दिसली असतील, तर किती झाडं आजारी आहेत हे मोजण्याआधी कोणते दोन विषाणू एकत्र आलेत ते ओळखा.

सगळ्यात वाईट जोडी पीव्हीएक्स आणि पीव्हीवाय, म्हणजे बटाट्याचे एक्स आणि वाय विषाणू. एकटा एक्स पानावर फिकट चट्टे देतो, कधी तेवढंही नाही. वायसोबत आला की पानं खरबरीत होऊन सुरकुततात आणि झाड खुजं राहतं. झाडाच्या पेशी विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) ओळखून त्याचे तुकडे करतात. वायचं एचसी-प्रो हे प्रथिन ही राखणच मोडून टाकतं. लाभ होतो एक्सला. तंबाखूच्या पानात एक्सचं प्रमाण 3 ते 10 पट वाढलेलं मोजलं गेलंय, वाय मात्र जवळपास होता तेवढाच राहतो. दोघेही पेशीतून शेजारच्या पेशीत सूक्ष्म छिद्रांतून सरकतात, अन्नवाहिनीत शिरतात आणि अन्नाबरोबर कोवळ्या पानांत व कंदात पोचतात.

दुसरी जोडी पानवळीचा विषाणू (पीएलआरव्ही) आणि वाय. पानवळीचा विषाणू एकटा असला तर बहुतेक अन्नवाहिनीतच अडकून असतो. तिथून साखर नीट हलत नाही, पानात स्टार्च साठतो, म्हणून खालची पानं वर वळतात आणि मुठीत दाबली की करकरतात. वाय सोबत असला तर पानवळीचा विषाणू वाहिनीबाहेरच्या पेशींतही वाढू शकतो. तंबाखूच्या कुळातल्या प्रयोगाच्या झाडांत हे दिसलंय. शिवाय वायचा मोझॅक वरच्या पानांवर ठळक दिसतो आणि खालची वळलेली पानं नजरेतून सुटतात.

तिसरा प्रकार म्हणजे वायचेच दोन जवळचे उपप्रकार. इथे सहसा जो आधी शिरतो तो त्या पेशीत दुसऱ्याला वाढू देत नाही. एकाच पानात दोघांच्या पेशी वेगवेगळ्या पट्ट्यांत वाटलेल्या सापडतात. नुकसान दुप्पट होत नाही, पण बियाण्यासाठी तेही चालणार नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. एक्स-वाय दिसला तर त्या शेतातलं काहीही बियाण्याला ठेवू नका. खाण्यासाठी विका, बियाणं प्रमाणित घ्या. पानवळी-वाय लागवडीनंतर 25-30 दिवसांत तुरळक झाडांवर दिसला आणि ती कंदांसकट उपटली, तरच बाकीचं बियाण्याला ठेवण्याचा विचार करा. लागण काढणीच्या तोंडावर झाली तर फसगत जास्त: पाला हिरवागार असतो, पण एकाच झाडाचे काही कंद आजारी आणि काही निरोगी निघतात. पूर्ण वाढलेल्या पानात बाहेरून अन्न येत नाही, म्हणून तिथे विषाणूही फारसा पोचत नाही. वाढत्या कंदाकडे मात्र अन्नाचा ओघ चालूच असतो.

फवारणीवर किती विसंबायचं? पानवळीचा विषाणू घ्यायला माव्याला बराच वेळ रस शोषावा लागतो आणि तो पसरवायला आणखी काही तास जातात, त्यामुळे कीटकनाशकाचा उपयोग होतो. वाय काही सेकंदांच्या टोचण्यात पसरतो, मावा मरण्याआधीच काम झालेलं असतं. एक्स तर विळा, हात आणि कपडे लागूनही जातो. बियाणं कापत असाल तर प्रत्येक कंदानंतर सुरी 10 टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात बुडवा. त्यापेक्षा 40-50 ग्रॅमचे अख्खे कंद लावलेले बरे.

तपासणीला नुसता कंद पाठवू नका. झोपेतल्या कंदात विषाणू इतका कमी असू शकतो की एलायझात (प्रयोगशाळेतल्या विषाणू-चाचणीत) तो सुटतो. जिब्रेलिक आम्लाने (कंदाची झोप मोडणाऱ्या वाढ-संप्रेरकाने) कोंब आणा, रोप वाढवा आणि त्याची पानं पाठवा. संशय असलेल्या जोडीतल्या दोन्ही विषाणूंची चाचणी स्वतंत्र मागा. एकाचीच मागितली तर अहवालात एकच नाव येईल आणि सोबतचा दुसरा बियाण्याबरोबर पुढच्या हंगामात जाईल.