मठ, सेवेचा संघ, की घरातला नेम?

आयुष्य देवाला द्यायचं मनात पक्कं झालेलं असतं. पण त्यासाठी बंदिस्त मठात जायचं, शाळा-दवाखाने चालवणाऱ्या संघात जायचं, की लग्न-नोकरी सांभाळून घरीच नेम धरायचा, इथे घोडं अडतं. बहुतेक जण अशा वेळी अंतर मोजतात: कुठली वाट जगापासून जास्त लांब नेते? हे माप फसवं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (17:15) प्रभू येशू पित्याजवळ शिष्यांना जगातून काढून घे असं मागत नाही, दुष्टापासून राख एवढंच मागतो. वाटा वेगळ्या पडतात त्या दुसऱ्याच तीन प्रश्नांवर. तुमचा दिवस कोण आखतं? पैसा कोणाच्या हातात राहतो? आणि चुकलं तर मागे फिरता येतं का?

बंदिस्त मठ

उदाहरणादाखल कार्मेल या कॅथलिक संन्यासिनींच्या परंपरेतला मठ घ्या. संत तेरेजाने 1562 मध्ये स्पेनमधल्या आविला इथे सुधारित मठ सुरू केला. तिच्या नियमानुसार रोज दोन तास मूक ध्यानप्रार्थना, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि स्तोत्रसंहितेच्या ठरलेल्या वेळच्या प्रार्थना त्याखेरीज. उरलेल्या वेळेत शिवण, बाग, स्वयंपाक असं हातांचं काम, तेही मौनात. गप्पांसाठी दिवसातून दोनदा मोकळा वेळ.

लोकांना मौनाची धास्ती वाटते, पण अवघड असतात ती माणसं. तेरेजाने सुरुवातीला 13 जणींचा मठ कल्पिला, पुढे मर्यादा 21 झाली. म्हणजे आयुष्यभर तेच वीसेक चेहरे, तीच एकीची खोकण्याची सवय, तीच दुसरीची आज्ञा देण्याची तऱ्हा. घरातल्या भांडणाला कंटाळून मठाचं दार ठोठावणारीला तेच भांडण आत भेटतं, आणि तिथून पाय मोकळे करायला बाजारात जाता येत नाही. काम केल्याचं काही दिसल्याशिवाय ज्यांना झोप लागत नाही, त्यांनीही इथे विचार करावा. दिवसअखेर दाखवण्यासारखं हाती काहीच नसतं.

प्रवेश सावकाश होतो. 2018 पासून लागू असलेल्या नियमांनुसार महिलांच्या चिंतनशील मठात अॅस्पिरन्सी (मठाची ओळख करून घेण्याचा काळ) किमान 12 महिने, पोस्टुलन्सी (उमेदवारी) किमान 12 महिने, नॉव्हिशिएट (व्रतांपूर्वीची शिकाऊ तयारी) 2 वर्षं आणि तात्पुरती व्रतं किमान 5 वर्षं. एकूण किमान 9 वर्षं. विसाव्या वर्षी गेलेली मुलगी तिशीला टेकता टेकता कायमची व्रतं घेते.

सेवेचा संघ

वसईतल्या कॅथलिक घरांना ही वाट ओळखीची आहे. नात्यात एखादी सिस्टर नाही असं घर शोधावं लागेल. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं सगळीकडे सारखीच. काही संघांचं चौथंही असतं: मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीमध्ये गरिबातल्या गरिबाची मनापासून, विनामोबदला सेवा करण्याचं. कॅथलिक कायद्यानुसार नॉव्हिशिएटला वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत, पहिल्या व्रतांना 18, कायमच्या व्रतांना 21. नॉव्हिशिएट किमान 12 महिने, जास्तीत जास्त 2 वर्षं. त्यानंतर तात्पुरती व्रतं 3 ते 6 वर्षं, फार तर 9 पर्यंत वाढवता येतात.

इथे काम प्रार्थनेला गिळतं. परीक्षांचे दिवस किंवा रात्रपाळी आली की आधी संध्याकाळची सामूहिक प्रार्थना सुटते, मग ध्यान, आणि दोन वर्षांत सिस्टर म्हणजे पगार न घेणारी नर्स होऊन बसते. म्हणून संघाला भेट द्याल तेव्हा ध्येयधोरणं विचारत बसू नका. गेल्या आठवड्यात संध्याकाळची प्रार्थना किती दिवस सगळ्यांनी मिळून केली, एवढंच विचारा. बदलीचंही लक्षात असू द्या. आज्ञापालन म्हणजे वसईची मुलगी झारखंडला, तिथली भाषा शिकून. पगार संघाच्या खात्यात जातो. (जग सोडलं तरी आयकर सुटत नाही: अनुदानित शाळांमधल्या सिस्टर आणि फादरांच्या पगारावर टीडीएस लागतोच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं.)

या दोन्ही वाटांवर कागदपत्रांच्या बाबी लोक उशिरा विचारतात. फेडता न येणारं कर्ज अंगावर असलेल्याला प्रवेश देऊ नये, असा नियम आहे. म्हणजे शैक्षणिक कर्ज आधी निस्तरा. विवाहबंधन असताना प्रवेश नाही. आईवडिलांचा सांभाळ तुमच्याच कमाईवर असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. पहिल्या व्रतांपूर्वी मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवावा लागतो, पण मालकी लगेच जात नाही. कायमच्या व्रतांपूर्वी, दिवाणी कायद्यातही टिकेल असं मृत्युपत्र करावं लागतं. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की मोकळेपणाने बाहेर पडता येतं. कायमच्या व्रतांनंतर मात्र वरून रीतसर परवानगी लागते, आणि केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संघाने न्यायाने आणि प्रेमाने वागावं एवढीच अपेक्षा असते. चाळिशीत, बचत नसताना बाहेर पडणं म्हणजे काय, याचा हिशेब आत जाण्यापूर्वीच मांडून ठेवावा.

घरातला नेम

याचं बांधेसूद कॅथलिक रूप म्हणजे सेक्युलर फ्रान्सिस्कन ऑर्डर, म्हणजे संसारात राहून संत फ्रान्सिसच्या वाटेने चालणाऱ्यांचा संघ, जुन्या बोलण्यात थर्ड ऑर्डर. गोवा वेल्हा इथे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, ती याच परंपरेची. आजची नियमावली 1978 ची. विवाहित माणूसही येऊ शकतो. तयारीचा काळ किमान वर्षभराचा, पण वचन कायमचं. पगार, घर, मुलं सगळं तुमच्याचकडे राहतं. अवघड आहे ते हेच, कारण तुमच्या हातून पाकीट कोणीच काढून घेत नाही.

प्रोटेस्टंट मंडळीत मठाची वाट बहुधा नसतेच, पण संसारात राहून देवाला वाहून घेण्याचा नमुना मराठीत आहे. कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं पगारी काम सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. पत्नी लक्ष्मीबाईंशी संसार असताना ते ख्रिस्ती संन्यासी झाले. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे लोक होते.

असा गृहस्थांचा संघ जवळ नसेल तर नेम स्वतः बांधावा लागतो. तो छोटा बांधा. सकाळी 15 मिनिटं: एक स्तोत्र आणि शुभवर्तमानाचा एक उतारा. रात्री 5 मिनिटं दिवसाची झडती. 150 स्तोत्रं आहेत. रोज दोन घेतली तर 75 दिवसांत एक आवर्तन होतं. पगार झाला त्याच दिवशी दशमांश (कमाईचा दहावा भाग) बाजूला काढा, महिनाअखेर उरत नाही. शुक्रवारी एक वेळ जेवण कमी. फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर.

नेम मोडतो तो तिसऱ्या आठवड्यात, आणि दोन कारणांनी. पहिलं, उत्साहात तासभराचा नेम घेतलेला असतो. दुसरं, हुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायचा प्रयत्न होतो. दोन दिवस हुकले की कर्ज फिटत नाही आणि माणूस नाद सोडतो. हुकला तो हुकला, आजचा करा. नवराबायकोच्या बाबतीत पौलाने 1 करिंथ 7:5 मध्ये सरळच सांगितलंय: प्रार्थनेसाठी दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने, आणि ठराविक काळापुरतं. जोडीदाराला न विचारता घेतलेला उपवास आणि त्यासोबतचा पडलेला चेहरा सगळ्या घराला भोवतो. आणि महिन्यातून एकदा एका माणसाला नेमाचा हिशेब द्या. ‘हे जास्त होतंय, कमी कर’ म्हणायचा अधिकार त्याला असावा. घरच्या वाटेवर आज्ञापालनाला जागा एवढीच, आणि ती रिकामी राहिली की नेम म्हणजे हौस होते.

निवड कशी करायची

मन डळमळत असेल तर आधी वर्षभर घरचा नेम, असं आमचं मत. संत बेनेडिक्टच्या मठनियमात नवख्याला दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग चार महिन्यांनी संपूर्ण नियम पुन्हा वाचून दाखवतात आणि विचारतात, राहायचं का? आपला नेमही त्याच अंतराने वाचावा. वर्षभर टिकला आणि तरी घर अपुरं वाटत राहिलं, तर मठाचं किंवा संघाचं दार ठोठावा. घंटा वाजवणारं कोणी असेल तरच ज्यांचा दिवस उभा राहतो अशी माणसंही असतात. त्यांनी फार वाट पाहू नये.

एका प्रकारापासून मात्र सावध. व्रतं नाहीत, तयारीचा काळ नाही, आणि पहिल्याच महिन्यात पगार मागणारा, औषधं बंद करायला लावणारा, आईवडिलांचा फोन घेऊ नकोस म्हणणारा गट असेल तर लगेच बाहेर पडा. चर्चचा नियमसुद्धा मालमत्तेचा कारभार पहिल्या व्रतांच्या आधीपर्यंत तुमच्याच हातात ठेवतो.

भेटीला जाल तेव्हा मे महिन्याच्या शिबिरात जाऊ नका, तिथे गिटार असतं आणि सगळे हसत असतात. पावसाळ्यातल्या साध्या मंगळवारी जा, तीन दिवस राहा आणि भांडी घासायच्या वेळी कोण कोणाशी कसं बोलतं ते ऐका.