सीटीआरआय: चाचणीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी उघडावी अशी नोंदवही

सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) ही औषधचाचण्यांची ऑनलाइन नोंदवही 2007 पासून आहे आणि पाहायला पैसे लागत नाहीत. आजाराचं किंवा औषधाचं नाव इंग्रजीत टाकून शोधा. नोंद उघडली की आधी वरची नोंदणीची तारीख आणि खालची पहिला रुग्ण घेतल्याची तारीख ताडून पाहा. 1 एप्रिल 2018 पासून नोंदणी आधी, रुग्ण नंतर, असाच नियम आहे. मग आपल्या रुग्णालयाच्या नावापुढे नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का ते बघा. प्रायोजकाचं (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीचं किंवा संस्थेचं) नाव, किती रुग्ण घेणार, कोणाला वगळणार, हेही तिथेच मिळतं.

खटकतं ते असं: ‘भरती सुरू’ ही स्थिती अनेकदा जुनीच राहते, निकाल क्वचितच चढवलेले असतात. मराठीत काहीच नाही, हे तर अक्षम्य आहे. सही करणारा रुग्ण इंग्रजी वाचेलच असं नाही.

नुकसानभरपाईसाठी मात्र संमतीपत्रच वाचा. औषधचाचण्यांच्या 2019 च्या सरकारी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई प्रायोजकाने द्यायची असते. संमतीपत्राची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.